उशाशी ठेवलेला फोन भूकंप ओळखतो, मग तुर्कीत तो गप्प का राहिला?

६ फेब्रुवारी २०२३. पहाटेचे ४ वाजून १७ मिनिटं. दक्षिण तुर्कीतली शहरं झोपेत होती. लोकांचे फोन उशाशी, टेबलावर, चार्जिंगला लावलेले होते. तेवढ्यात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दुपारी त्याच भागात दुसरा झाला, ७.५ तीव्रतेचा. तुर्की आणि सीरिया मिळून ५५ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली कित्येक झोपेतच, स्वतःच्या घराखाली.

तुर्कीतले बहुतांश स्मार्टफोन अँड्रॉइडचे आहेत आणि त्यांत भूकंपाचा इशारा देणारी गूगलची यंत्रणा तेव्हा सुरू होती. भूकंपकेंद्राभोवतीच्या सुमारे १६० किलोमीटरच्या परिसरातल्या एक कोटी लोकांना ती जास्तीत जास्त ३५ सेकंद आधी सावध करू शकली असती. प्रत्यक्षात पहिल्या भूकंपाच्या वेळी सर्वांत वरच्या पातळीचा इशारा गेला तो ४६९ फोनवर. लाख नाही, हजार नाही, फक्त ४६९.

फोनचे भन्नाट वापर सांगणारे व्हिडिओ रोज फीडमध्ये येतात. फोनने भिंतीवरची फ्रेम सरळ लावा, जुन्या फोनचा सीसीटीव्ही करा, पक्ष्याचा आवाज ऐकवून त्याचं नाव शोधा. पण या यादीत सहसा न दिसणारा एक वापर असा आहे, जो आपल्यापैकी बहुतेकांचा फोन आपल्याला न विचारता रोज रात्री करत असतो. तो म्हणजे जमिनीची नाडी तपासणं. सप्टेंबर २०२३ पासून भारतातले अँड्रॉइड फोनही या कामाला लागले आहेत. किल्लारी आणि कोयना सोसलेल्या महाराष्ट्राला त्याचा उपयोग किती, हे समजून घ्यायचं असेल तर तुर्कीत काय चुकलं ते आधी पाहावं लागतं. आणि त्याच्याही आधी, फोनला हे जमतं कसं ते.

फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, तिथून सुरुवात

फोन आडवा धरला की व्हिडिओ आडवा होतो. हे ज्या भागामुळे घडतं त्याला अ‍ॅक्सिलरोमीटर म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या आधारांवर तरंगत असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो आणि त्या सरकण्यामुळे होणारा विजेचा बारीकसा बदल चिप मोजते. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये हा भाग पडदा फिरवण्यासाठी बसवला होता. पुढे त्यावर पावलं मोजणारी अ‍ॅप आली, गेम आले.

आता भूकंपमापक यंत्र काय करतं? एक वजन टांगून ठेवतं, आणि जमीन हलली की ते वजन जागीच राहायला बघतं. त्या फरकाची नोंद घेतं. म्हणजे तत्त्व तेच. फरक आहे तो संवेदनशीलतेचा आणि किमतीचा. वेधशाळेतलं यंत्र हजारो किलोमीटरवरचा भूकंप टिपतं, तर फोनमधली चिप त्यामानाने बहिरी असते. पण वेधशाळेची यंत्रं मोजकी असतात आणि फोन गल्लोगल्ली आहेत.

हे स्वतः करून बघायचं असेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे. २०१६ साली ते शाळा-कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी काढलं. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून प्रवेग मोजण्याचा पर्याय निवडायचा, फोन टेबलावर सपाट ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. पडद्यावर शून्याच्या आसपास थरथरणारी रेषा दिसते. टेबलावर बोटाने टकटक केलं की रेषा उसळते. कोणी जवळून दणदण चालत गेलं तरी कळतं. शेजारच्या खोलीत वॉशिंग मशीन फिरत असेल तर बहुधा तेही दिसतं. आणि इथेच पुढचा खरा प्रश्न उभा राहतो. वॉशिंग मशीन कुठलं आणि भूकंप कुठला, हे फोनला कसं कळणार?

ही कल्पना गूगलच्याही आधीची आहे. २००५ पासून अ‍ॅपलच्या लॅपटॉपमध्ये एक सेन्सर असायचा. लॅपटॉप हातातून निसटला की जमिनीवर आदळायच्या आत हार्ड डिस्कचा काटा बाजूला घ्यायचा, एवढंच त्याचं काम. अमेरिकेतल्या भूकंपशास्त्रज्ञांनी २००८ च्या सुमारास त्याच सेन्सरचा वापर करून ‘क्वेक कॅचर नेटवर्क’ उभारलं. लोकांनी आपल्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम टाकायचा आणि लॅपटॉपने फावल्या वेळात हादरे मोजायचे. पुढे इटलीत फ्रान्चेस्को फिनाझी यांनी फोनसाठी तसंच अ‍ॅप काढलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या भूकंपशाळेने रिचर्ड अ‍ॅलन यांच्या नेतृत्वाखाली ‘मायशेक’ आणलं. माणसाच्या हालचाली आणि जमिनीची हालचाल यांतला फरक ओळखायला त्यात न्यूरल नेटवर्कला शिकवलेलं होतं. एकटा फोन १० किलोमीटरच्या आतला ५ तीव्रतेचा भूकंप ओळखू शकतो, असं त्या गटाने दाखवून दिलं.

पण अ‍ॅप म्हटलं की लोकांनी ते डाउनलोड करायला हवं, आणि भूकंपाचं अ‍ॅप लोक भूकंप झाल्यावर डाउनलोड करतात. ऑगस्ट २०२० मध्ये गूगलने ही अडचणच काढून टाकली. यंत्रणा थेट अँड्रॉइडमध्येच बसवली. रिचर्ड अ‍ॅलन या कामातही सहभागी होते.

आधी कळतं म्हणजे नेमकं किती आधी?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा रोज विचका होतो. ‘येत्या दोन दिवसांत मोठा भूकंप होणार’ असं सांगणं म्हणजे भाकीत. ते आज जगात कोणालाही करता येत नाही. तुर्कीच्या भूकंपाच्या तीन दिवस आधी नेदरलँड्समधल्या एकाने केलेलं ट्वीट नंतर जगभर फिरलं. पण त्यात ‘आज ना उद्या’ असं म्हटलं होतं, आणि भूकंपप्रवण भागाबद्दल तसं कोणीही, कधीही म्हणू शकतो.

फोन करतो ते भाकीत नव्हे. भूकंप सुरू झालेला असतो, पण त्याचे मोठे हादरे तुमच्यापर्यंत अजून पोचलेले नसतात. मधल्या वेळात मिळते ती सूचना. विजांच्या कडकडाटात आधी लखलखाट दिसतो आणि गडगडाट मागून येतो, तसाच हा प्रकार.

जमीन फाटते तेव्हा दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिल्या, ज्यांना पी लाटा म्हणतात, त्या खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने धावतात. त्या सहसा हलका धक्का देऊन जातात. मागून येणाऱ्या एस लाटा सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास, पण घरं पाडतात त्या याच. इंटरनेटवरून जाणारा संदेश या दोघींच्या कितीतरी पुढे असतो. केंद्राजवळच्या फोनना पहिली लाट जाणवली, त्यांनी सर्व्हरला कळवलं आणि सर्व्हरने दूरच्या फोनना कळवलं, तर दूरच्या माणसाला काही सेकंद मिळतात. जपानमध्ये २००७ पासून आणि मेक्सिकोत १९९१ पासून खास बसवलेल्या यंत्रांच्या जोरावर हेच चाललेलं आहे. पण तशी जाळी उभारायला पैसा लागतो, आणि भूकंपप्रवण देशांपैकी अनेक गरीब आहेत. फोनच्या यंत्रणेचा खरा मुद्दा हा आहे. २०१९ मध्ये जगात २५ कोटी लोकांना अशी सूचना मिळण्याची सोय होती, आता ती २५० कोटींना आहे.

वॉशिंग मशीन आणि भूकंप यांतला फरक

फोन चालत्या खिशात असेल तर त्याचा उपयोग नाही. यंत्रणा फक्त स्थिर पडलेल्या फोनचा विचार करते. म्हणजे ज्या वेळी माणूस सर्वांत बेसावध असतो, त्या पहाटेच्या वेळी ही जाळी सर्वांत दक्ष असते. एखाद्या फोनला भूकंपासारखं काही वाटलं की तो आपलं ढोबळ ठिकाण आणि हादऱ्याची माहिती सर्व्हरला पाठवतो. तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. टेबल कोणी ढकललं असेल, बस गेली असेल. पण त्याच क्षणी आसपासच्या ढिगाने फोनकडून तेच आलं, आणि तेही एका ठिकाणाहून बाहेर पसरत जाणाऱ्या वर्तुळासारखं आलं, तर तो भूकंप. वॉशिंग मशीन शेजारच्या गावातल्या फोनना हलवू शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या यंत्रणेचा पहिल्या तीन वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. यंत्रणा ९८ देशांत चालते. महिन्याला सरासरी ३१२ भूकंप तिने ओळखले. इशारे देण्यात आले १,२७९ घटनांसाठी आणि त्यांतले खोटे निघाले तीन. यापैकी दोन वेळा ढगांच्या गडगडाटाने घरं आणि घरातले फोन थरथरले होते. तिसऱ्या वेळी कुठल्याशा सामूहिक नोटिफिकेशनमुळे एकाच क्षणी ढिगाने फोन व्हायब्रेट झाले, आणि फोननी आपल्याच थरथरण्याला भूकंप समजलं! त्या हिशोबाच्या काळानंतरही एक मोठी फजिती झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो आणि रिओच्या लोकांना मध्यरात्रीनंतर खोट्या भूकंपाच्या इशाऱ्याने उठवलं. गूगलने माफी मागून तिथली यंत्रणा बंद केली.

तीन वर्षांत तीन चुका, हा आकडा चांगलाच म्हणायला हवा. पण इशारा मिळालेल्यांना विचारलं तेव्हा जे कळलं ते जास्त महत्त्वाचं आहे. त्यांतल्या ८५ टक्के लोकांना हादरा जाणवला होता. हादऱ्याच्या आधी इशारा मिळाला ३६ टक्के लोकांना. २८ टक्के लोकांना तो जमीन हलत असताना मिळाला आणि २३ टक्के लोकांना सगळं हलून झाल्यावर. म्हणजे यंत्रणा बरोबर चालते तेव्हाही तीनातल्या जेमतेम एकाच्या हाती वेळ लागतो.

लागतो तेव्हा मात्र तो मोलाचा असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिम नेपाळमधल्या जाजरकोटला भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा भूकंप सुरू झाल्यावर साधारण १५ सेकंदांनी पहिला इशारा निघाला आणि एक कोटीहून अधिक फोनवर पोचला. ज्यांना मध्यम ते जोरदार हादरे बसले त्यांना १० ते ६० सेकंद मिळाले. एप्रिल २०२५ मध्ये इस्तंबूलजवळ ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा ८ सेकंदांत इशारा निघाला.

मग तुर्कीत काय झालं?

२०२३ च्या महाभूकंपानंतर काही महिन्यांतच बीबीसीने तुर्कीतल्या शहरांत लोकांना विचारलं, तुम्हाला इशारा आला होता का? आल्याचं सांगणारं कोणी सापडेना. यंत्रणेने चांगलं काम केलं, असं गूगलचं तेव्हा म्हणणं होतं. दोन वर्षांहून अधिक काळानंतर, २०२५ च्या जुलैमध्ये, कंपनीने कबूल केलं की नाही, चुकलंच.

यंत्रणा बंद पडली नव्हती. फोन थरथरले, सर्व्हरला कळलं, भूकंप झाला हेही कळलं. चुकलं ते माप. ७.८ तीव्रतेचा भूकंप यंत्रणेने ४.५ ते ४.९ चा समजला. हा फरक ऐकायला तीन आकड्यांचा वाटतो, पण या मोजपट्टीवर एक पायरी चढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. तीन पायऱ्या म्हणजे ३० हजार पटींच्या वर.

एवढी मोठी चूक कशी होऊ शकते? मोठा भूकंप एका क्षणात घडत नाही, हे त्यातलं मूळ दुखणं. तुर्कीत ३०० किलोमीटरहून लांब भेग उसवत गेली. ते उसवणं मिनिटभराहून अधिक चाललं. इशारा उपयोगी पडायचा असेल तर तो पहिल्या काही सेकंदांतच द्यावा लागतो. म्हणजे एक वीत कापड फाटलेलं पाहून अख्खं धोतर फाटणार की नाही हे ठरवायचं. जपानच्या यंत्रणेलाही २०११ च्या महाभूकंपात हा फटका बसला होता. तिनेही सुरुवातीला तीव्रता कमी धरली होती. त्यात फोनच्या चिपमधून येणारी माहिती वेधशाळेच्या यंत्राएवढी स्वच्छ नसते.

या मापाच्या चुकीचं रूपांतर जीवघेण्या शांततेत झालं ते इशाऱ्यांच्या दोन पातळ्यांमुळे. हादरा हलका जाणवणार असेल तर ‘सावध राहा’ असं नोटिफिकेशन येतं. ते इतर कुठल्याही नोटिफिकेशनसारखंच येतं, आणि रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असेल तर वाजतही नाही. जोरदार हादरा येणार असेल तर ‘कृती करा’ हा इशारा येतो. तो पूर्ण पडदा व्यापतो, कर्कश वाजतो आणि फोन गप्प केलेला असला तरी वाजतो. त्या पहाटे सुमारे पाच लाख लोकांना इशारा गेला, पण तो पहिल्या प्रकारचा. पहाटे सव्वाचारला उशाशी आलेलं एक मुकं नोटिफिकेशन.

दुपारच्या भूकंपात ‘कृती करा’ हा इशारा ८,१५८ फोनवर गेला आणि सौम्य इशारा सुमारे ४० लाख फोनवर. पुढे गूगलच्या संशोधकांनी गणिती पद्धत बदलून पहाटेच्या भूकंपाची तीच माहिती पुन्हा यंत्रणेतून फिरवली. या वेळी ‘कृती करा’ हा इशारा एक कोटी फोनसाठी निघाला आणि सौम्य इशारा ६.७ कोटी फोनसाठी. गणित सुधारलं ही चांगलीच गोष्ट. पण ती सुधारणा मोजायला माहिती मिळाली तीच मुळी त्या पहाटेच्या फोनमधून.

किल्लारीत फोन असता तर?

तुर्कीची वेळ पहाटेची. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीहून घरी परतलेली माणसं नुकतीच झोपली होती. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात मेलेल्यांचा आकडा ८ ते १० हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. ५२ गावं दुसरीकडे वसवावी लागली.

समजा त्या रात्री किल्लारीतल्या घराघरात आजचा अँड्रॉइड फोन चार्जिंगला लावलेला असता. इंटरनेट धडधाकट असतं. वाचले असते का लोक?

हिशोब करून पाहू. किल्लारीचा भूकंप उथळ होता. केंद्र पायाखालीच असल्यामुळे घरं पाडणारी लाट गावात पोचायला अवघी दोन-तीन सेकंदं लागली असणार. फोनची जाळी सर्वोत्तम चालते तेव्हा पहिला इशारा निघायला आठ सेकंद लागतात. म्हणजे फोन वाजायच्या आधीच माळवद खाली आलेलं असतं. सुमारे ४० किलोमीटरवरच्या लातूर शहराला कदाचित तीन-चार सेकंदं मिळाली असती. पण गावंच्या गावं गाडली गेली ती किल्लारीच्या आसपास, लातुरात नव्हे. भूकंपशास्त्रात या केंद्राजवळच्या पट्ट्याला आंधळा पट्टा म्हणतात. कितीही चांगली यंत्रणा असली तरी तिथे इशारा वेळेत पोचत नाही. आणि महाराष्ट्रातल्या भूकंपांचा स्वभाव असा, की सगळं नुकसान त्याच पट्ट्यात होतं.

किल्लारीत माणसं मारली ती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंतींनी आणि त्यावरच्या फूट-दोन फूट मातीच्या छपराच्या वजनाने. फोनला त्यावर काही करता येत नाही.

कोयनेचं गणित थोडं वेगळं येतं. तसाच भूकंप आज झाला आणि दहाव्या सेकंदाला इशारा निघाला, तर साताऱ्याला जेमतेम दोन-तीन सेकंदं, पुण्याला पंचवीसेक सेकंदं आणि मुंबईला पाऊण मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळेल. १९६७ ला मुंबई-पुणे हादरलं होतं, पण तिथे फारसं कोसळलं नव्हतं. मुंबईत मात्र आज चाळीस-पन्नास मजली इमारतींच्या लिफ्ट आहेत, शस्त्रक्रियागृहं आहेत, धावत्या लोकल आहेत. पंचेचाळीस सेकंदांत बरंच काही थांबवता येतं, पण त्यासाठी इशारा मालकाच्या फोनवर येऊन भागत नाही, तो लिफ्टला आणि लोकलला कळावा लागतो. जपानमध्ये भूकंपाच्या सूचनेवर बुलेट ट्रेन आपोआप वेग कमी करतात.

या यंत्रणेचा भारतातला खरा लाभार्थी उत्तर भारत आहे. हिमालयात मोठा भूकंप झाला तर दिल्ली, लखनौ किंवा पाटण्यापर्यंत लाट यायला मिनिटभर लागू शकतं, आणि तिथली गर्दीची, गाळाच्या जमिनीवरची शहरं दूरच्या भूकंपानेही जोरात हलतात.

पालघरचे फोन का वाजत नाहीत?

डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या. हिंगोलीत मार्च २०२४ आणि जुलै २०२४ अशा दोन वेळा ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले आणि नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. अशा प्रत्येक धक्क्यानंतर सोशल मीडियावर एक प्रश्न ठरलेला असतो. फोन भूकंप ओळखतो म्हणतात, मग माझा का नाही वाजला?

कारण यंत्रणा ४.५ च्या खालच्या भूकंपांना इशारा देतच नाही. पालघरचे जवळपास सगळे धक्के त्याखालचे. हिंगोलीचे अगदी उंबरठ्यावरचे, आणि फोनने केलेला अंदाज जरा जरी खाली सरकला तरी इशारा जात नाही. उंबरठा खाली आणला तर डहाणूच्या लोकांचे फोन इतक्या वेळा वाजतील की पुढच्या वेळी कोणी लक्षच देणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट या यंत्रणेच्या रचनेत कायम डोक्यात ठेवावी लागते.

आणखी एक गोंधळ. २०२३ मध्ये देशभरात अनेकांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले आणि लोक घाबरले, ती गोष्ट वेगळी होती. ती मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या सरकारी संदेशाची चाचणी होती. त्या पद्धतीला इंटरनेट लागत नाही आणि ती पूर, वादळ अशा कोणत्याही संकटासाठी वापरता येते. गूगलचा भूकंप इशारा इंटरनेटवरून येतो आणि त्यासाठी लोकेशन सुरू असावं लागतं.

कोणाची यंत्रणा, कोणाची जबाबदारी?

भारतात ही सेवा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी सल्लामसलत करून आणली, असं गूगलने सांगितलं आहे. तरी सेन्सरपासून सर्व्हरपर्यंत सगळं कंपनीच्या हातात आहे. आपल्या खिशातल्या फोनमधून उभी राहिलेली जाळी, पण इशारा कधी द्यायचा, उंबरठा कुठे ठेवायचा, चुकलं तर कधी सांगायचं, हे एक खासगी कंपनी ठरवते. तुर्कीच्या बाबतीत सांगायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, यावर अभ्यासकांनी कडक टीका केली, आणि ती रास्त आहे. सरकारी वेधशाळा चुकली असती तर संसदेत प्रश्न विचारता आला असता, माहिती अधिकारात अर्ज टाकता आला असता. इथे एका वृत्तसंस्थेला पाठपुरावा करावा लागला.

ही यंत्रणा सरकारी यंत्रणेच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही, असं गूगल म्हणतं. ते खरंही आहे. भीती वेगळीच आहे. फुकट मिळतंय म्हटल्यावर सरकारं स्वतःची यंत्रं बसवायचं पुढे ढकलतील, अशी शंका जाणकार बोलून दाखवतात. उत्तराखंडने दुसरी वाट धरली. आयआयटी रुरकीने डोंगरात भूकंपमापक यंत्रांचं जाळं बसवलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने त्याच्याशी जोडलेलं अ‍ॅप लोकांना दिलं. फोन तिथे फक्त निरोप्या आहे, मोजणारी यंत्रं वेगळी आहेत. यात केंद्राजवळची यंत्रं पहिली लाट स्वच्छ पकडतात आणि चुकलं तर कोणाला विचारायचं हेही ठरलेलं असतं.

तुमच्या फोनवर हे सुरू आहे का?

अँड्रॉइड ५ किंवा त्यापुढचा फोन असेल तर सोय आधीच आत आहे. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ उघडायचं आणि ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ सुरू आहे ना ते बघायचं. काही फोनमध्ये हा पर्याय ‘लोकेशन’च्या आत असतो. तिथेच नमुना पाहण्याची सोय आहे. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना, तो आवाज एकदा ऐकवून ठेवावा. कारण खरा आवाज येईल तेव्हा हे काय वाजतंय, असं विचारण्यात पहिली पाच सेकंदं जाऊ नयेत. आयफोनवर भारतात गूगलची ही सेवा येत नाही.

इशारा आल्यावर खाली बसणं, मजबूत टेबलाखाली शिरणं, डोकं झाकणं आणि टेबलाचा पाय धरून ठेवणं हा सर्वमान्य सल्ला आहे. सिमेंट काँक्रीटच्या घरात तो लागू पडतो. जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावायचं नाही, खिडकी आणि काचेच्या कपाटापासून दूर व्हायचं, गॅस हाताशी असेल तर बंद करायचा. दगड-मातीच्या घरात टेबलाखाली शिरून काय होणार, हा प्रश्न मराठवाड्यातला माणूस विचारेल, आणि त्याचं उत्तर कुठल्याच अ‍ॅपकडे नाही. किल्लारीनंतर सरकारने आणि गवंड्यांनी मिळून अशा जुन्या घरांसाठी काही उपाय राबवले होते. छपरावरची माती कमी करायची, भिंतीच्या दोन थरांना सांधणारे आडवे लांब दगड बसवायचे, दाराच्या वरच्या पातळीवर घराला चारी बाजूंनी पट्टा बांधायचा. यांतलं पहिलं काम, छपरावरची माती उतरवणं, घरच्या माणसांना एखाद्या सुट्टीच्या दिवशीही करता येतं. गवंड्याला विचारून करावं, एवढंच.